दगा

चोपदारानं पुकारलं: दगा पाथरवट, राहणार थाळनेर!
आणि दरबार हसला.
त्यांच्या बोलीत दगा म्हणजे घात.
माझ्या मायच्या बोलीत तो नुसता दगड,
तीन पोरं पुरल्यावर चौथ्याच्या गळ्यात बांधलेला,
मरणानं उचलायला जावं तर जड लागावा म्हणून.

छिन्नी बाहेर ठेवून घेतली होती. मी दाराशी बसलो.

भांडण साधं होतं.
नवा तट झाला, तापीची जुनी वाट तटाच्या पोटात गेली.
आता कानबाईला नदीवर न्यायचं
तर मशिदीलगतच्या दरवाजातूनच.
न्यायची का,
आणि न्यायची तर कुणाच्या शब्दावर.

दिवाण लाडजी उठले. कपाळावर केशर, काखेत वही.
म्हणाले, मुभा द्यावी, हुजूर. कागदावर.
दर श्रावणात नवी मुभा, दर श्रावणात नवा नजराणा.
रंगारी आळीचे एकवीस टके, साळ्यांचे चौदा.
कागदाचं एक बरं असतं,
तो जुना होतो.

मग काझी रुक्नुद्दीन.
या माणसाला मी भ्यायचो.
आदल्या साली माझ्या भावाच्या लग्नातले ढोल
यानंच वेशीवर थांबवले होते.
म्हणाला, मला ही मिरवणूक नको. लपवत नाही.
पण दिवाणजी विकतायत ते काय आहे?
चूक असेल तर एकवीस टक्यांत ती बरोबर होत नाही.
बरोबर असेल
तर दरसाल विकायला ती कुणाच्या बापाची नाही.
एक तर नाही म्हणा.
नाहीतर दरवाजावर दगडात कोरा,
नातवालाही मान वर करून वाचावं लागेल असं.

हुजूर डाळिंब सोलत होते.
एक दाणा गालिच्यावर पडला,
तो उचलायला दोन सरदार वाकले.
वाकल्या वाकल्या त्यातला एक म्हणाला,
राजानं आपल्या पोराचे हात बांधू नयेत.

इसाक मोमीन म्हणाला, कानबाईचं लुगडं माझ्या मागावरचं आहे, खाविंद.
तिला अडवलंत तर आळी माझी मजुरी बुडवेल.
याला मात्र सगळे मोकळे हसले.

मला विचारलं, कोरायला किती दिवस?
दोन लिप्या, म्हटलं. एक उजवीकडून येणार, एक डावीकडून.
अठरा दिवस. पाऊस लागला तर वीस.
दिवाणजी म्हणाले, कागदाला अर्धी घटका.

शेवटी सोनकी रंगारीण.
कोपरापर्यंत निळे हात पदराखाली झाकून उभी राहिली.
म्हणाली, तुम्ही शेतस तवलोंग बरं शे, हुजूर.
मंग?
एवढंच.
मुनशीनं फारशीत उतरवून घेतलं.
काय लिहिलं, ते शेजारच्या शिपायानं माझ्या कानात सांगितलं:
रयत हुजुरांना दीर्घायुष्य चिंतते.

कागद ठरला.

मला येण्याजाण्याचे दोन टके मिळाले.
नमुन्याचा दगड तेवढा परत आणला,
बैलगाडीवाल्यानं त्याचंही भाडं घेतलं.
तो अजून ओसरीत आहे.
गेरूनं आखलेल्या रेघा आहेत, अक्षरं नाहीत.
धाकटा त्यावर हरभरे सोलतो.

त्या श्रावणात कानबाई निघाली.
सगळ्यांच्या पुढे एक पोरगं,
वेळूच्या काठीला कागद बांधलेला,
त्याच्यावर ओलं बोट लागू नये म्हणून वर मेणकापड.
दरवाजाशी काझी एकटाच उभा होता.
बायकांची गाणी थांबली.
सोनकीनं काठी खाली घेतली, कागद सोडून त्याच्यापुढे धरला.

त्यानं मजकूर वाचला नाही.
बोट सरळ खाली नेलं,
तारीख वाचली, पुन्हा एकदा वाचली,
आणि बाजूला झाला.